आबांच्या पायातला पट्टा

४ फेब्रुवारी, रविवार

पट्टा एकदाचा आबांच्या पायात गेला. डाव्या पायात, घोट्याच्या वर. दोन वर्षं ज्या चिंधीपायी डोकं आपटलं ती आज खुलताबादच्या माळावर मेंढरांमागं चालली. मी फोन धरून आबांच्या पाठीमागं. माय हसून हसून बेजार. "बापाच्या वरातीत निघाल्यावाणी काय चाललीस गं वैजे!"

आबांना सगळं नीट समजावलं. आत आपल्याच मेंढरांच्या लोकरीचा नमदा, म्हणजे दाबून बसवलेला थर, त्याच्यासमोर सिलिकॉन रबराची पातळ पट्टी. पाऊल पडलं की दोन्ही चिकटतात, उचललं की सुटतात. त्या चिकटण्या-सुटण्यात चिमूटभर वीज होते. ती कपॅसिटरमधी साठते, अन् तिच्यावर आतली चिप पावलं मोजून ठेवते, पाय कधी उचलला, कधी टेकला तेपण टिपते. सेल नाय, चार्जिंग नाय.

आबा: "म्हंजी म्या चाललो तरच ते जितं?"

व्हय.

"आन म्या बसलो तर?"

तर तेपण बसलं.

"मग आपल्याच जातीचं यंत्र हाय," म्हणले अन् काठी उचलली.

निघताना सांगितलं, आबा, आकडे चांगले आले पायजेत बरं का. माझी पीएचडी आता तुमच्या पायावर उभी आहे. मी हसत म्हणले. ते हसले नाय, मान हलवली फक्त.

६ फेब्रुवारी

आज कँटीनमधी एकीनं विचारलं, पावलं मोजणारी घड्याळं बाजारात ढिगानं मिळतात, तुझ्या पट्ट्यात नवीन काय? मिळतात की. मागच्या वर्षी आबांना एक आणलंच होतं. तिसऱ्या दिवशी मेलं. माळावर लाइट कुठली आणायची? मायनं ते ज्वारीच्या डब्यात ठेवून दिलं, ओल लागू नये म्हणून. अजून तिथंच असंल.

अन् ही नुसती पीएचडी नाय. दसऱ्यानंतर आबा चक्कर येऊन पडले. शहरात आणून दाखवलं तर हृदयाची एक झडप अरुंद झालीय. ऑपरेशन लागणार, कधी ते बाकीच्या तपासण्यांसोबत त्यांच्या चालण्यावरून ठरवू असं डॉक्टर म्हणले. चालणं घटायला लागलं की मग थांबायचं नाय. लगेच त्यांनीच आबांना विचारलं, बाबा, रोज किती चालता?

"लई."

दम लागतो?

"छ्या!"

असा माणूस. दमलो म्हणणं म्हणजे ह्यांच्या लेखी चोरी केल्यासारखं. म्हणून मला आकडा पायजे. खोटं न बोलणारा.

९ फेब्रुवारी

नळ आला, आठ दिवसांनी. बादल्या, घागरी, पातेली, शेवटी डब्याची झाकणंपण भरली. खोलीत पाय ठेवायला जागा नाय.

खिडकीसमोर नव्या टाऊनशिपचा तिसरा टॉवर वर चढायलाय. आबा पोरवयात सोयगावकडून मेंढरं घेऊन याच माळावर यायचे, इथल्या शेतांत खतासाठी बसवायचे. आता शेंद्र्यापर्यंत नुसते पत्र्याचे शेड अन् तारेची कुंपणं. त्यात दुष्काळ. म्हणून यंदा मुक्काम खुलताबादच्या डोंगराला. तिथं निदान बाभळी आहेत, अन् टँकरवाला ओळखीचा.

११ फेब्रुवारी, रविवार

सगळं मुसळ केरात.

आठवडाभराची पावलं फोनवर उतरवली. काहीच्या काही कमी. कपॅसिटर एकदापण पुरता भरला नाय. मेंढपाळाचा पाय अन् एवढीच पावलं? म्हणजे पट्टाच खराब. शिलाईत कुठंतरी दोन थर चिकटून बसले असणार. इर्शादवर डोकं फिरलं. तो आमच्या लॅबमधला, पट्टा त्याच्याच अम्मीच्या मशीनवर शिवलाय. फोनवर त्याला नको नको ते बोलले. तो बिचारा, "अगे सुन तो. मैं दो-दो बार टाके देख्या."

तिथंच मातीत बसून सगळी शिलाई उसवली अन् परत हातानं घातली. डोळ्यांतलं पाणी काही थांबेना. दोन वर्षं गेली अन् एक साधं पाऊल मोजता येत नाय मला. आबा समोर बसून होते. शेवटी म्हणले, "पुढल्या हप्त्यात बरं व्हईल. तू भाकर खा."

या आठवड्याच्या फाइलचं नाव ठेवलं: खराब.

१८ फेब्रुवारी, रविवार

चाललं! चाललं! चाललं!

जीपमधून उतरून वर चढते तर आबा वाटेवरच्या दगडावर पाय पुढं करून बसलेले. "घे, वाच." अन् काय आकडे! दिवसभर पावलं, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. कपॅसिटर दर थोड्या वेळानं भरतोय, चिप जागी होतेय, मोजतेय. माझी हातशिलाई जिंकली. इर्शादला फोन करून माफी मागितली. म्हणला, "माफी नक्को, बिर्याणी होना."

आबांच्या पाया पडले. तर आबा म्हणले, "यंत्राच्या पड, माह्या कशाला?"

२५ फेब्रुवारी

सलग दुसरा हप्ता उत्तम. मॅडमना आकडे पाठवले. मॅडम म्हणजे माझ्या गाइड. कौतुकाला लई महाग बाई, पण आज तीन शब्द लिहिले: "छान. पेपर लिही."

चांदीनं माझ्या ओढणीचं टोक खाल्लं. चांदी म्हणजे आमची पांढरी शेळी. मेंढरांपुढं हीच चालते, हिच्याशिवाय एक मेंढरू हलत नाय. तिच्या डाव्या पुढच्या पायाचे केस झडलेत. काटेरी तारेला घासलं असंल. मायला म्हणलं हळद लाव. बरं म्हणली, अन् उगाच चुलीकडं वळली.

५ मार्च, मंगळवार

आबांना घेऊन दवाखान्यात. डॉक्टरांना पावलांचे कागद दाखवले. चष्मा वर करून बघत राहिले. "एवढं चालतात? या वयात? मग घाई नको. पावसाळ्यानंतर बघू."

आबा खूश. बाहेर आल्यावर क्रांती चौकात उसाचा रस प्यायलो. मोठ्या रस्त्याच्या त्या धुरळ्यात उभं राहून आबा म्हणले, "तुह्या पट्ट्यानं वाचवलं गं मला." रस्ता ओलांडताना दोनदा थांबले. म्हणलं, काय झालं? "गाड्या बघायलो. लई गाड्या झाल्या."

माझा पट्टा, माझे आबा अन् डॉक्टरांची मान हलली. यापेक्षा मोठं काय होणाराय आयुष्यात. लिहिताना परत रडायला आलं. आज आनंदानं.

८ मार्च

पेपर पाठवला. मॅडम, इर्शाद, मी. खाली आभारात आबांचं नाव, पूर्ण. वाचून दाखवायला फोन केला तर आबा म्हणले, "माहं नाव काऊन टाकलंस? खोडता येतं का ते?" किती लाजतात!

१० मार्च, रविवार

आभाळ आलं. दुपारी डोंगरावर अंधारून आलं, सगळे मुक्कामावरचे हात कपाळाला लावून वर बघायले. अन् मी? मी व्होल्टेज पडलं म्हणून चिडले. दमट हवेत लोकर अन् रबराचं जमत नाय. हवा जितकी कोरडी तितकी वीज जास्त. या दुष्काळानंच माझे आकडे एवढे भारी आलेत, हे माहीत होतंच. पण आज आभाळाकडं बघून तोंडातून गेलं, "जा बाई आता."

मायनं ऐकलं. आभाळ गेलंपण. टँकरच्या रांगेत मायच्या मागं घागर घेऊन उभी राहिले तेव्हा मान वर करवेना. माझी मलाच लाज वाटली.

२० मार्च, बुधवार

हे लिहायचं की नाय. लिहिते.

इर्शाद पावलांचा आलेख मोठा करून बघत होता. म्हणला, "वैजंता, तेरे अब्बा दिनभर एक पाँव उठाकू खड़े होते क्या?"

काय बोलायलास?

"देख ना. इधर पाँव एकदम उप्पर गया. फिर वहीच ठहरा. फिर धप्प से नीचे. दिन में कित्ती बार है ये. आदमी ऐसा कायकू करेंगा?"

बघितलं. दोन-तीन पावलं, थांबा. दोन-तीन पावलं, थांबा. मग पाय वर, बराच वेळ वरच, थोडी थरथर, अन् धप्प.

मी धनगराच्या घरची. दहावीपर्यंत शाळा सुटली की जनावरांमागंच हिंडले. बाभळीच्या शेंगा खायला झाडाला पुढचे पाय लावून कोण उभं राहतं, हे मला इर्शादनं दाखवायची वेळ आली.

त्याला काही सांगितलं नाय. पट्टा चांदीच्या पायात असंल तर मग आबा दिवसभर कुठं असतात?

२१ मार्च, गुरुवार

न सांगता गेले. वाटेवरच्या दगडावर कुणी नाय. मेंढरं पार टेकाडाखाली, अन् त्यांच्यामागं काठी घेऊन माय. चांदी बाभळीला टेकून उभी, डाव्या पायात माझी दोन वर्षं.

आबा लिंबाखाली घोंगडी अंथरून बसलेले. मला बघून गडबडीनं उठायला गेले अन् निम्म्यातच खाली बसले. छाती वर-खाली, वर-खाली. पहिला प्रश्न काय विचारावा माणसानं? "आज ऐतवार हाय का?"

मी ओरडले. आजवर आबांपुढं आवाज चढवला नव्हता, आज सगळा चढवला. तुम्हाला खेळ वाटला का? डॉक्टरनं ऑपरेशन पुढं ढकललं या आकड्यांवर! शेळीच्या आकड्यांवर! माय पळत आली तर तिच्यावरपण. तुला माहीत होतं, तू पण? माय म्हणली, "मला शपथ घातलती त्यायनं." अन् मग तीच रडायला लागली.

आबा दम खाऊन खाऊन बोलले. जसं आठवतं तसं लिहिते.

"पयल्या हप्त्यात तू यंत्र उसवायलीस. डोळ्यात पानी. मला पाहवलं नाय. मला ठावं व्हतं ना, यंत्र चांगलं हाय. म्याच चालत नव्हतो. दिवाळीपासून चालवत नाय मला, धा पावलं झाली की बसावं लागतं. तुला काय सांगू? तूच म्हणलीस, शिक्षण माह्या पायावर हाय. म्हणलं, लेकीचं काम आपल्यापायी काऊन बुडावं. चांदी दिसभर चालती. ऐतवारी तू यायच्या आधी सोडून माह्या पायात बांधायची तुही माय."

अन् डॉक्टर? ते थांबा म्हणले तेव्हा तरी तोंड उघडायचं!

आबा खाली बघायले. "तवा मलाबी बरं वाटलं. भ्याव वाटतं गं वैजे. छाती फाडत्यात म्हणं."

आबांच्या तोंडून भ्याव हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. माझा सगळा राग तिथंच गळाला. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्यांनी केसावर हात ठेवला, तर तो हातपण त्यांच्या दमाबरोबर हलत होता.

२२ मार्च

आज 'खराब' नावाची फाइल उघडली. पहिला आठवडा. आबांचा खरा.

सोमवारी मेंढरांमागं निघालेत, थोडं चालून परत. मंगळवारी त्याच्यापेक्षा कमी. शुक्रवारी लिंबापासून पाण्याच्या पिंपापर्यंत होतील एवढीच पावलं, मधे दोन थांबे, अन् मागं. बास. दिवस संपला.

पट्ट्यात काहीच बिघाड नव्हता. इर्शादचा एक टाकापण उसवायची गरज नव्हती. माझ्या यंत्रानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, बाई, तुझा बाप चालत नाय. अन् मी त्याला खोटं पाडलं. आबांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, मी नाय. कारण मला आकडे चांगले पायजे होते.

मी स्वतःला कधी माफ करणार नाय असं लिहिणार होते. पण तेवढा वेळ नाय. उद्या मॅडम.

२३ मार्च, शनिवार

मॅडमना सगळं सांगितलं. शेळी, बाभूळ, शपथ, खराब फाइल. वाटलं होतं फाडून खातील. त्या खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पेपर मागे घ्यायचा. पत्र मी लिहिते, सही तिघांची." मग, "मीही विचारायला हवं होतं. एवढे गुळगुळीत आकडे आजारी माणसाचे कसे?"

मी म्हणले, मॅडम, दोन वर्षं गेली.

"वर्षं परत घालता येतात. वडलांना दवाखान्यात कधी नेतेस?"

जिन्यात इर्शाद थांबलेला. कुणीतरी त्याला सांगितलं असणार. "बकरी का नाम आभार में डालते अपन," म्हणला. दोघंपण हसलो अन् मग हसता हसता माझं काय झालं मलाच कळलं नाय. तो पाण्याची बाटली धरून उभा राहिला.

२६ मार्च, मंगळवार

डॉक्टरांना खरं सांगितलं. आधी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "शेळीची तब्येत उत्तम आहे, एवढं मात्र नक्की." परत सगळ्या तपासण्या. झडप आणखी अरुंद. आता थांबायचं नाही, पण रक्त कमी आहे, फुप्फुसात कफ. आधी ते नीट करू, मग तारीख.

आबा: "पानी पडल्यावर बघू. मेंढरं कोन बघन?"

मायनं पहिल्यांदा दवाखान्यात तोंड उघडलं. "इतके दिस कोन बघायलं?"

डॉक्टर हसू दाबत कागद लिहीत राहिले.

९ एप्रिल

आबा आता माझ्या खोलीवर. माय मुक्कामावरच, सोबतीला तिचा भाऊ आलाय. पट्टा आबांच्याच पायात, अन् या वेळी मी स्वतः बांधते. आकडे अगदी छोटे. कपॅसिटर दिवसात एकदा कसाबसा भरतो. काल तर भरलाच नाय. आज माझ्या तोंडाकडं बघून आबा गुपचूप गॅलरीत फेऱ्या मारायला निघाले. धरून बसवलं. म्हणलं, एक पाऊल जरी माझ्यासाठी चाललात ना, तर हा पट्टा गच्चीवरून फेकीन.

"मग काय करू? बसू?"

बसा.

"बसून तुह्या यंत्राला काय मिळनार?"

जे मिळंल ते खरं मिळंल, म्हणलं. बसले. पण चेहरा पाहुण्याच्या घरी रिकाम्या हातानं आल्यासारखा.

१८ एप्रिल

आबांना लॅब दाखवली. लिफ्टनं. आबा स्टुलावर, समोर सगळी यंत्रं. सुईच्या टोकातून कोळ्याच्या जाळ्याहून बारीक धागे निघतात ते बघून म्हणले, "हे कोन कातायलं?" इर्शादनं लई अदबीनं सांगितलं, "चाचा, बिजली कातती."

मग पट्ट्यातला नमदा हातात घेतला. चिमटीत दाबला, उजेडात धरला, नाकाला लावला. "ह्यो कुनी केला?"

मी.

"कच्चा हाय. लोकर पिंजलीच नाय नीट. हे बघ, गाठी. तेलबी तसंच हाय. ह्यात कसली वीज येनार, लोकर मेली ह्यात."

दोन वर्षं मी रबर बदलत राहिले. लोकर धनगराच्या पोरीला काय शिकायचीय, असं वाटायचं मला.

आबांनी तिथंच फतकल मारली. लोकर कोमट पाण्यानं धुतली, सुकवली, बोटांनी पिंजली, तासभर. मधे मधे दम खायचे, तेव्हा हात मांडीवर अन् डोळे मिटलेले. मग साबणाचं पाणी शिंपडून तळव्यानं दाबत नमदा बसवला. इर्शाद फोनवर सगळं टिपत होता. मॅडम दारात कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाय.

२० एप्रिल

आबांच्या नमद्याचा नवा पट्टा. तीच गॅलरी, तीच थोडीशी पावलं. कपॅसिटर दुपारपर्यंत भरला. संध्याकाळी परत भरला!

मॅडम म्हणाल्या, "आता कळलं का तुझं काय चुकत होतं? धडधाकट माणसासाठी यंत्र करत होतीस. ज्याला याची गरज आहे तो कमीच चालणार आहे."

आबांना सांगितलं. आबा म्हणले, "म्हंजी आता बसून बसूनबी तुह्या कामाचा मी?" लई खूश. चहात साखर जास्त मागितली. दिली.

४ मे

तारीख मिळाली. चौदा, मंगळवार.

आज आबांनी केस कापून घेतले, दाढी केली. आरशात बघून, "पोरगं दिसायलो." मग उगाच सोयगावचा बाजार, त्यांच्या बापाची काठी, माझी पहिलीची पाटी कुठं फुटली, असलं काय काय बोलत बसले. मी स्वयंपाक करत ऐकत होते. पाठ फिरवून. माझं तोंड दिसू नये म्हणून.

१२ मे, रविवार

आबा भरती. माय आली, मेंढरं मामावर टाकून. येताना चांदीचं दूध आणलं बाटलीत, उन्हानं नासलं. तरी आबांनी बाटली उघडून वास घेतला.

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. जोखीम आहे, उशीर झालाय म्हणून थोडी जास्तच. उशीर हा शब्द मला लागला. आबांनी माझ्याकडं बघितलं अन् डॉक्टरांना म्हणले, "उशीर म्या केला. पोरीनं नाय."

खरं सांगायचं तर दोघांनी केला. पण ते ऐकायला तयार नायत.

१४ मे, मंगळवार

सकाळी सातला आत नेलं. त्याआधी आबा हट्टानं खाटेवरून उतरले, दारापर्यंत चालत गेले अन् परत आले. मी अडवलं. आबा म्हणले, "तुह्यासाठी नाय. मला चालू वाटलं म्हणून." मी बाजूनं चालले, हात न धरता. पंधरा पावलं. मी मोजली, पट्ट्यानंपण पंधराच मोजली.

सिस्टरनं अंगावरचं सगळं काढायला लावलं. गळ्यातला ताईत मायकडं, पट्टा माझ्याकडं. अजून कोमट होता.

आबा जाताना माझ्याकडं बघून म्हणले, "भ्याव वाटतंय." लपवलं नाय. मी म्हणले, मला पण. मग बरं वाटल्यासारखं डोकं टेकवलं त्यांनी.

साडेनऊ. बाहेरच्या बाकावर मी अन् माय. इर्शाद येऊन पोहे ठेवून गेला. मायनं दोन घास खाल्ले, माझे झाकून ठेवले.

साडेदहा. माय फेऱ्या मारायलीय. मलापण बसवत नाय. उठून या दारापासून त्या दारापर्यंत चालत राहावं वाटतंय. पण पट्टा हातात आहे. याला बंद करायचं बटण मी ठेवलंच नाय, तेव्हा त्याचा मोठा अभिमान होता. हलला की मोजणार. चिपला काय कळतं पाय कोणाचा.

माय म्हणली, "ठेव की पिशवीत."

खाली ठेववत नाय. अन् घेऊन चालता येत नाय. पंधराच्या पुढं माझं एकपण पाऊल त्यात पडायला नको. पुढचं पाऊल त्यांचंच पडलं पायजे.

म्हणून हलत नाय. डाव्या हातात पट्टा, उजव्यानं हे लिहायलेय.

पाऊण. दार अजून बंदच आहे.